आईंनी आज काय खाल्लं

७ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले रोज लिहून ठेवा. काय खाल्लं, किती खाल्लं, उलटी झाली का, दुखलं किती. म्हणून ही वही. जान्हवीच्या बारावीच्या वह्यांतली एक कोरी उचलली.

आज आईंनी खाल्लं: मऊ भात दोन चमचे, त्यातला एक बाहेर. शहाळ्याचं पाणी चार घोट. संपलं.

सप्टेंबरात पोटाचा कॅन्सर निघाला. वय एक्क्याऐंशी, ऑपरेशन नको म्हणाले. "जे आवडेल ते द्या." पण आवडत काहीच नाही, आणि घरात मी एकटी. देवदत्त सकाळी साडेआठला ऑफिसला जातो, जान्हवी कॉलेज आणि क्लास. मी अंधेरीच्या ऑफिसातून बिनपगारी रजा घेतलीय, कारण सून मी आहे.

बघ, हे असलं लिहिलं की वही डॉक्टरांना दाखवता यायची नाही. त्यांच्यासाठी फ्रिजवर एक कागद चिकटवते. ही माझी राहू दे.

९ नोव्हेंबर
दिवसभर काही नाही. दिवाळीची शंकरपाळी दुधात कुस्करून दिली, तोंड फिरवलं. "नको गं रेवती. माती लागते सगळी."

मी रागावले. आजारी माणसावर रागावले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

१० नोव्हेंबर, रविवार
आज जरा चमत्कारच.

जान्हवीच्या मैत्रिणीचा वाढदिवस. पोरीनं मोबाइलवर बघून चॉकलेटच्या वड्या केल्या. ओव्हन नको, भट्टी नको. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, वर वाडग्यात चॉकलेट, लोणी आणि मध वितळवला. ग्लुकोजची बिस्किटं लाटण्यानं फोडून त्यात टाकली आणि वर मार्शमॅलो, म्हणजे त्या गुलाबी-पांढऱ्या कापसासारख्या गोळ्या. थाळीत थापलं नि फ्रिजमध्ये ठेवलं दोन तास. मी म्हटलं ही कसली वडी, ना साखरेचा पाक, ना काही. "आई, तू गप गं, झकास लागते."

आईंनी आतून हाक मारली, "कसला वास येतोय?" जान्हवी एक वडी घेऊन गेली. मला वाटलं, आता परत येईल ताटली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. जाऊन बघते तर दोघी डोकी जवळ आणून कुजबुजतायत. मी दारात दिसल्यावर एकदम गप्प. ताटली रिकामी.

"अख्खी खाल्ली?" मी.

"आणखी आहे का?" आई.

जान्हवीचा चेहरा जरा विचित्र झाला होता. आजीला खाताना बघून भरून आलं असेल पोरीला.

उलटी नाही. रात्री झोपही लागली.

१३ नोव्हेंबर
चौथा दिवस. रोज दोन वड्या. आता मीच करते. जान्हवीपेक्षा बारीक काम आहे माझं. बिस्किटाचा चुरा अगदी रव्यासारखा करते. मार्शमॅलो कात्रीनं कापायचे तर कात्रीला चिकटतात, म्हणून कात्री दर वेळी गरम पाण्यात बुडवून घ्यायची. आणि चॉकलेट कोमट झाल्यावरच घालायचे, नाहीतर सगळे विरघळून जातात. आईंना ते तसेच, जिभेवर विरघळणारे हवेत. "तोंडात धरलं की आपोआप जातं," म्हणतात. "गिळावं लागत नाही."

त्यावर अर्धा कप दूधही जातं आता.

१६ नोव्हेंबर
आज गॅलरीत येऊन बसल्या. धरून आणलं, पण चालत आल्या. लग्न होऊन पार्ल्यात आल्या तेव्हाचं सांगत होत्या. कारखान्याकडून वारा आला की अख्ख्या गावात बिस्किटांचा वास. सासरे शेजारी उभे राहून म्हणायचे, "वसुधा, हे फुकटचं जेवण." नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. आई हसल्या. मी पण हसले. बावीस वर्षांत आम्ही दोघी एकत्र कितीदा हसलो, मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

एक नवीन खूळ काढलंय. वडी खाताना खोलीचं दार लोटायला सांगतात. त्यांच्या पलंगावरून समोर देवघर दिसतं, तेच दार. "वारा लागतो," म्हणतात. पार्ल्यात नोव्हेंबरात कसला आलाय वारा! पण लोटते.

२० नोव्हेंबर
मार्शमॅलो संपले. तेच आणायला हवेत म्हणून जान्हवीनं ठेवलेलं रिकामं पाकीट घेऊन इर्ल्याला गेले. बाहेरदेशच्या मालाचं दुकान आहे तिथे. काउंटरवर पाकीट ठेवलं आणि उलटं पडलं. मागच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर तपकिरी चौकोन, आत त्रिकोण.

हिरव्या ठिपक्याशिवाय आईंच्या घरात मिठाचं पाकीटसुद्धा येत नाही. मी दुकानदाराला विचारलं. "जिलेटिन आहे ना मॅडम. जनावराची हाडं, चामडी, त्यातून काढतात. इम्पोर्टेड सगळं असंच." कुठल्या जनावराची, ते लिहिलं नव्हतं. तेवढंच बरं.

तिथेच उभी राहिले. दहा दिवस, रोज दोन.

घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मिळालं का?" मी म्हटलं, दुकान बंद होतं.

जान्हवीला काही बोलले नाही. पोरीनं बघितलंही नसेल मागे.

२१ नोव्हेंबर
हिरव्या ठिपक्याचे मिळाले, आपल्याकडचे, स्टेशनजवळ. तशाच वड्या केल्या. आईंनी एक घास तोंडात फिरवला आणि रुमालात काढला. "हे ते नव्हे."

"तेच आहे, आई."

"रबर लागतंय. जान्हवीनं आणलं होतं ना, त्या गुलाबी पाकिटातलं. तेच आण."

२३ नोव्हेंबर
दोन दिवस पाण्यावर. खिचडी, पेज, आइस्क्रीम, सगळं करून झालं. हिरव्या ठिपक्याचे आणखी दोन प्रकार आणले, आयसिंग शुगरमध्ये घोळवले, पाण्यावर वाफवलेसुद्धा. तिसऱ्यांदा थाळी परत आली तेव्हा मी सिंकवर उभी राहून ती वडी खाल्ली. रबरच लागत होती.

संध्याकाळी देवदत्तला सांगितलं. तो बूट काढत होता. एक काढला, दुसरा पायातच.

"सांगू नकोस तिला."

"अरे पण, तीच तर..."

"आता काय फरक पडतो, रेवा?"

"तिलाच पडतो रे. म्हणून तर विचारतेय तुला."

"खातेय ना त्यानं? मग दे. मी हे ऐकलंच नाही, असं समज." आणि एक बूट घालूनच गीझर लावायला गेला.

त्याची आई. ठरवायचं मी.

२४ नोव्हेंबर
गुलाबी पाकीट आणलं. दोन पाकिटं आणली. गोळ्या स्टीलच्या डब्यात काढल्या, पाकिटं जुन्या वर्तमानपत्रांखाली ठेवली.

आई खाताना मी समोर बसले होते. डोळे मिटून खातात. लहान मुलासारख्या. मी ते बघत बसते, शेवटचा कण जाईपर्यंत. बघायला बरं वाटतं. एखादं माणूस दोन दिवसांनी जेवतंय, कुणालाही बरं वाटेल.

२६ नोव्हेंबर
आज एकादशी. आईंनी सकाळीच सांगितलं, "आज ती वडी नको." मी म्हटलं, डॉक्टरांनी उपास बंद केलेत तुमचे. "उपास नाही गं, पण नको." मग दुपारी दुधात ग्लुकोजची दोन बिस्किटं बुडवून खाल्ली. बिस्किट चालतं, वडी नाही. हा कुठला नियम? पण म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही.

उद्या सकाळी मात्र स्वतःहून मागतील, बघ.

२७ नोव्हेंबर
मागितली. सात वाजता.

३ डिसेंबर
नणंदेचा पुण्याहून फोन, शर्मिष्ठाताईंचा. "आईचा आवाज किती सुधारलाय! काय देतेस गं?" चॉकलेट-बिस्किट, मी म्हटलं. "तुझे उपकार आहेत, रेवती." मी घाईनं फोन ठेवला.

त्यानंतर वडी घेऊन गेले. आईंनी ताटली हातात घेतली, पण खाईनात. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "यात तसलं काही नाही ना गं?"

"तसलं म्हणजे?"

"काही. मला न चालणारं."

"नाही आई. चॉकलेट आणि बिस्किटं. आणि ते साखरेचे गोळे."

"मग बरं," म्हणाल्या. काहीतरी ओझं उतरल्यासारखं हसल्या आणि खाल्लं.

सरळ सरळ खोटं बोलले मी. एका मरणाऱ्या माणसाशी, डोळ्यांत बघून. आणि तिनं विश्वास ठेवला.

८ डिसेंबर
झोप येत नाही म्हणून आज दुपारी पडले होते, तेव्हा आये आठवली.

माझी आये, वाकोल्याची. माहेरचं माझं नाव रत्नप्रभा. वडील गिरणीत होते, ती बंद पडल्यावर वॉचमन झाले. देवदत्तशी लग्न झालं त्या दिवशी आईंनी तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायला लावलं, रेवती. आणि सांगितलं, या घरात अंडंसुद्धा येणार नाही. मी हो म्हटलं. प्रेमात माणूस कशालाही हो म्हणतं.

जान्हवीच्या वेळी पाचव्या महिन्यात मला बांगड्याचे डोहाळे लागले. आयेला कुणी सांगितलं देव जाणे. भर उन्हात बस बदलून आली, पदराखाली डबा. दारातच आईंना म्हणाली, "चेडवाक खावचा वाटता, म्हणान हाडलंय." आईंनी दार पूर्ण उघडलंच नाही. म्हणाल्या, "हे खाली नेऊन टाका. आणि डबाही इथे नको." आये खाली गेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं कचऱ्याच्या पेटीजवळ उकिडवं बसून डबा उघडला, मांजरांना कालवण घातलं आणि डबा धुवायला पाणी नाही म्हणून पदरानं पुसला. निळी साडी होती. काठाला पिवळं. डावीकडची मांजर लंगडी होती.

मग ती बाळंतपणापर्यंत आली नाही. जान्हवी तीन वर्षांची असताना गेली.

हे मी कधीच विसरून गेलेय. सहज आठवलं आज, एवढंच.

१२ डिसेंबर
आई: तीन वड्या. दूध एक कप. तपासायला आलेली नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही तर वर्ष काढाल."

१८ डिसेंबर
सांगून टाकलं.

खरं काय ते आज नीट लिहिते. दुपारी चार. आई खुशीत होत्या. जान्हवीनं सकाळी त्यांची वेणी घातली होती. मी त्यांच्या पलंगावर बसून वडीचे तुकडे करत होते. म्हणाल्या, "तुझ्या हाताला चव आहे हं, रेवती."

मी म्हटलं, "माझ्या आयेची आहे."

"असेल. पण वळण या घरात आल्यावर लागलं." मग माझ्या हातावर हात ठेवला. हात गरम होता. "तो डबा त्या दिवशी मी आत येऊ दिला असता ना, तर तू कधी आमची झाली नसतीस. मला वाईट म्हणाली असशील तेव्हा. पण केलं ते बरंच केलं मी."

मायेनंच म्हणाल्या असतील.

मी म्हटलं, "आई, हे तुम्ही खाताय ना, ते शाकाहारी नाहीये. त्या गोळ्यांत जिलेटिन असतं. जनावराच्या हाडांचं, चामडीचं. अडतीस दिवस खाताय तुम्ही."

आवाज चढवला नाही. अगदी शांतपणे सांगितलं. कधीतरी सांगायलाच हवं होतं. त्यांचा हक्क होता तो.

त्यांनी वडीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"महिना होईल."

"म्हणजे रोज तू समोर बसून बघत होतीस मला?"

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या चिडल्यावर असाच होतो. हात काढून घेतला माझ्या हातावरून, आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, कुणी अंगावरचं फेडल्यासारखं.

"ने ते," म्हणाल्या.

ताटली सिंकमध्ये ठेवली. मला वाटलं होतं हलकं वाटेल.

१९ डिसेंबर
काही नाही. पाणी तीन घोट.

२० डिसेंबर
काही नाही. हिरव्या ठिपक्याच्या वड्या करून नेल्या, पाकीट दाखवायला सोबत घेऊन. "बघा आई, हे चालतं तुम्हाला." पाकिटाकडे बघितलंही नाही.

देवदत्तनं विचारलं, "आई, काय झालं गं? खात का नाहीस?" मी दारात उभी. आता सांगतील मुलाला. सांगू देत.

"कंटाळा आला रे," म्हणाल्या.

२२ डिसेंबर
शर्मिष्ठाताई आल्या. आईंनी त्यांनाही सांगितलं नाही. चार दिवस वाट बघतेय मी, कुणाला तरी सांगतील, आरडाओरड होईल, मला बोल लावतील. काही नाही. ही शिक्षा आहे माझी, मला कळतंय. बावीस वर्षं बोलून शिक्षा केली, आता न बोलून.

शर्मिष्ठाताई सफरचंदाचा रस चमच्यानं भरवत होत्या. ओठ मिटलेले. रस हनुवटीवरून उशीवर.

२४ डिसेंबर
आज अंग पुसताना दोघीच होतो. पाठीचं हाड न् हाड हाताला लागतं. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं. मला काय ते बोला. पण खा."

त्यांनी कूस बदलली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "छान लागायचं गं. तेच तर."

"मग आणू? कुणाला कळणार नाही."

"तुला कळलंय ना," म्हणाल्या.

काय अर्थ लावायचा याचा? माझ्या हातचं नको, हाच ना? मग मी जान्हवीच्या हातून पाठवली. तिच्याही हातची घेतली नाही. पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि परत पाठवली.

२७ डिसेंबर
डॉक्टर येऊन गेले. सलाइन नको म्हणाले, त्रासच होईल. फ्रिजवरचा कागद काढून टाकला.

२९ डिसेंबर
आई गेल्या. सकाळी सव्वाअकरा. देवदत्त पेपर वाचत होता पलीकडे. मी ओठांवर ओला कापूस फिरवत होते. एकदा ओठ हलले, वाटलं काही म्हणतायत. वाकून ऐकलं. श्वासच होता.

तुळशीपत्र शर्मिष्ठाताईंनी ठेवलं.

१० जानेवारी
तेरावं झालं. सगळे माझं कौतुक करत होते. देवदत्तची मावशी म्हणाली, "पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं." शर्मिष्ठाताई सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडून रडल्या. देवदत्त मान खाली घालून द्रोण मोजत होता. तो आणि मी एकमेकांकडे बघत नाही हल्ली.

१२ जानेवारी, रविवार
रद्दीवाला येणार म्हणून जान्हवी वर्तमानपत्रं बांधत होती. खालून गुलाबी पाकिटं निघाली, दोन रिकामी आणि नंतर आणलेलं एक अर्धं. हातात घेऊन खाली बसली. मला वाटलं, मागचा शिक्का दिसला. आता विचारणार.

"आई, तू रागावणार नाहीस ना?" रडतच होती. "मला माहीत होतं यात काय असतं ते. पहिल्याच दिवशी. आजीनं अर्धी वडी खाल्ली आणि मला एकदम आठवलं. मी घाबरले. तिला पाकीट दाखवलं. म्हटलं आजी, सॉरी, थुंकून टाक."

मी लाटणं धुत होते. नळ बंद केला.

"ती बघत राहिली पाकिटाकडे. मग म्हणाली, 'राहू दे. दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी चांगलं लागलंय.' आणि उरलेली पण खाल्ली. मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तुला तर अजिबात नाही."

"मला का?"

"मी पण विचारलं. म्हणाली, 'तुझ्या आईला मी या घरात आयुष्यभर खाऊ दिलं नाही. आता तिच्यासमोर कोणत्या तोंडानं खाऊ? तिला माहीत नाही तोवरच खाता येतंय मला.'" जान्हवीनं नाक पुसलं. "ते दार पण त्यासाठीच लोटायला लावायची. म्हणायची, देवाचं मी बघून घेईन, पण रेवतीला कळता कामा नये."

लाटणं माझ्या हातातच होतं. लाटण्याचं पाणी पायावर गळत होतं.

"इतकं आवडत होतं तिला," जान्हवी म्हणाली, "मग एकदम का सोडलं गं? मला वाटतं मी कुठेतरी बोलून गेले असेन. शर्मिष्ठाआत्याशी वगैरे. नाहीतर तुला कळलंय असं तिला वाटलं असेल. आई, तुला कळलं होतं का?"

सतरा वर्षांची आहे. उद्यापासून तिच्या प्रॅक्टिकलचा सराव.

मी म्हटलं, "नाही गं. मला तर आत्ता तुझ्याकडून कळतंय. त्या आजारात भूक मरतेच शेवटी, डॉक्टर म्हणाले होते."

"खरंच?"

"खरंच."

तिनं मान डोलावली. डोळे पुसले, सुतळी घट्ट बांधली आणि गठ्ठा उचलून जिना उतरून गेली. रद्दीवाला खालून हाका मारत होता.